दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेली म्हातारी माणसं

सांजवात

'दशावतार' १२ सप्टेंबर २०२५ ला लागला, त्याच आठवड्यात बाबांना घेऊन गेले होते. बाबा ७९ वर्षांचे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, तरी अंधारात पायरी दिसत नाही, म्हणून मध्यंतरात मी त्यांचा हात धरून बसले होते. पडद्यावर प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री, म्हातारा दशावतारी नट, नजर अधू होत चाललेली. त्याला कमी दिसतंय हे तो कुणाला कळू देत नाही. ओळखीच्या जागेत सहज वावरतो, आणि अनोळखी जागा आली की क्षणभर थबकतो. बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे असंच होतं गं." सिनेमाबद्दल त्यानंतर ते काहीच बोलले नाहीत. रिक्षात मात्र त्यांनी विचारलं, "यांचं वय काय असेल?"

४ ऑगस्ट १९४४ चा जन्म. म्हणजे ८१. बाबांपेक्षा दोन वर्षांनी मोठे.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे, म्हणून हा धागा. दिलीप प्रभावळकर म्हटलं की आपण 'बहुरूपी' म्हणतो आणि पुढे चालू लागतो. चेटकीण झाले, बाई झाले, बाहुल्याचा आवाज झाले, गांधीजी झाले. ते सगळं खरंच आहे. पण मला त्यांच्या कामात एक सलग धागा दिसतो, आणि तो म्हातारपणाचा आहे. हा माणूस तिशीपासून म्हातारी माणसं रंगवतो आहे आणि आता स्वतः त्या वयात पोचला आहे.

रत्नाकर मतकरींचं 'आरण्यक' १९७४ चं. युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र, गांधारी, कुंती, विदुर वनात जातात, ती सगळी थकलेली माणसं. त्यात विदुर होते प्रभावळकर, वय ३०. धृतराष्ट्र रवी पटवर्धन. ४४ वर्षांनी, २०१८ मध्ये, तेच नाटक परत आलं तेव्हाही विदुर प्रभावळकरच आणि धृतराष्ट्र पटवर्धनच. पहिल्या वेळी केसांना पांढरा रंग लावावा लागला असेल. दुसऱ्या वेळी त्याची गरज नव्हती. मी दुसरं पाहिलं. पहिलं पाहिलेलं कुणी इथे असेल तर कृपया लिहा, मला फार ऐकायचं आहे.

मग 'हसवा फसवी'तले कृष्णराव हेरंबकर, संगीत नाटकाच्या काळातले जुने गायकनट. मग आबा टिपरे. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ ला अल्फा मराठीवर सुरू झालं तेव्हा प्रभावळकर ५७ वर्षांचे होते, आणि राजन भिसे त्यांचा संसारी मुलगा शेखर. २००६ ला 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी. २०१३ ला 'नारबाची वाडी'तला नारोबा. २०२५ ला बाबुली.

या सगळ्यांत एकही म्हातारा दुसऱ्यासारखा नाही. आबा घरात मुरलेले आहेत. नातवंडांचं नवं जग त्यांना कळून घ्यायचं आहे, त्याचं कुतूहल त्यांच्या डोळ्यांत आहे. नारोबाला माणसांपेक्षा झाडं जवळची. खोत त्याच्या मरणावर टपलेला आणि हा आपल्या वाडीच्या जिवावर जगतच राहतो. कृष्णराव भूतकाळातच राहतात. बाबुलीला मात्र अजून काम करायचं आहे. शरीर नाही म्हणतं आणि कला हो म्हणते, तिथे तो उभा आहे.

मराठी मालिकांत म्हातारा म्हणजे वाकलेली पाठ, थरथरता आवाज आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघत सोडलेला सुस्कारा. प्रभावळकरांचा म्हातारा प्रत्येक वेळी आधी माणूस असतो, त्याला काहीतरी हवं असतं. तरुण पात्राला काय हवंय हे लेखक विचार करून लिहितात, म्हाताऱ्याच्या वाट्याला बहुतेकदा नुसता आशीर्वाद येतो. यांच्या म्हाताऱ्यांना जगायचं असतं, आणि म्हणूनच बाबांना तो आपला वाटला.

तुम्हाला यातला कोण जवळचा?

---

मधली आळी

ताई, सुरेख लिहिलंत. पण आमच्या पिढीला ते म्हातारे म्हणून आठवतच नाहीत. आमच्यासाठी ते चिमणराव.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण आमच्या वाड्यात टीव्ही आला त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, तोही मालकांकडे. चिमणरावच्या मालिकेच्या वेळी मालकांच्या ओटीवर सतरंजी पडायची आणि बिऱ्हाडकरूंची पोरं पुढे, मोठी माणसं मागे. चिं. वि. जोशींचा चिमण आजोबांनी वाचलेला, आम्ही पाहिलेला. बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ दणदणीत, आणि शेजारी हा काडीसारखा, सदा गांगरलेला, तरीही घरचा कर्ता असल्याचा आव आणणारा गृहस्थ. 'चिमणराव गुंड्याभाऊ' सिनेमाही आला १९७९ ला.

तुमच्या मुद्द्याला एक पुस्ती. तेव्हा आम्हाला चिमणराव मध्यमवयीन वाटायचा. आज हिशेब केला तर प्रभावळकर तेव्हा जेमतेम पस्तिशीला टेकलेले. शिक्षण विज्ञानाचं, औषध कंपनीतली नोकरी, आणि ती सांभाळून हे सगळं. म्हणजे स्वतःच्या वयाचं काम त्यांना तेव्हाही मिळालं नव्हतं!

---

तिसरी घंटा

'हसवा फसवी'चा उल्लेख झाला आणि राहवलं नाही.

मी हौशी संस्थेत बरीच वर्षं कपडेपट सांभाळला. त्यामुळे नाटक बघताना माझं अर्धं लक्ष विंगेकडे असतं. या नाटकात एकच नट सहा माणसं करतो, आणि नाटक त्यानेच लिहिलेलं. प्रिन्स वांटुंग पिनपिन, नाना पुंजे, बॉबी मॉड, दीप्ती लुमुंबा... एक माणूस आत जातो आणि थोड्या वेळात दुसरा बाहेर येतो. लोक टोप, साड्या आणि मिशांना टाळ्या देतात. मला विचाराल तर कपडे बदलणं हा त्यातला सोपा भाग. दोन माणसं हाताशी असली की होतं. चाल, मान आणि श्वास तेवढ्या वेळात बदलायचे, हे खरं काम. आमच्याकडचे भले भले नट दुसऱ्या भूमिकेत पहिलीची ढब घेऊन यायचे, कारण दम उतरलेला नसायचा.

आणि शेवटी कृष्णराव. त्याआधी प्रेक्षक पोट धरून हसलेला असतो. आता हा वृद्ध नट येतो, हळू, आणि सभागृह गप्प होतं. हसवून दमवलेल्या प्रेक्षकाला त्या शांततेत आणणं किती जोखमीचं आहे! एखाद्याने जरी चुकीच्या जागी हसायला सुरुवात केली तर सगळं संपलं. मी दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा कुणी हसलं नाही.

त्यात माझ्यासारख्याला भिडणारी आणखी एक गोष्ट अशी की, कृष्णराव हा नटाने नटाला केलेला नमस्कार आहे. ज्यांच्या गाण्यांना रात्र रात्र वन्समोअर मिळाले आणि मग ज्यांना कुणी विचारलं नाही, अशी माणसं मी लहानपणी गावात पाहिली आहेत. सांजवात, तुमचा बाबुली कृष्णरावांचाच भाऊबंद आहे. तोही नट, हाही नट, दोघांच्याही मागे विंग रिकामी होत चाललेली.

पुढे पुष्कर श्रोत्रीने हे नाटक पुन्हा केलं. त्याने चांगलं केलं, आणि मूळ पाहिलेल्या प्रेक्षकांसमोर ते करायला मोठं धाडस लागतं.

---

काळा फळा

धागा आवडला, पण मी असहमत आहे.

म्हाताऱ्या भूमिका त्यांनी उत्तम केल्या, वाद नाही. पण त्यांच्या अभिनयाची खरी धार दिसते ती दुष्ट माणसांत. 'एन्काउंटर: द किलिंग' (२००२) मधला पुनप्पा बघा. अजय फणसेकरांचा सिनेमा, समोर नसीरुद्दीन शाह. पुनप्पा आवाज चढवत नाही, डोळे वटारत नाही, आणि तरी किळस येते. 'सरकार राज'मधले रावसाहेब तसेच. दूरदर्शनवरच्या 'साळसूद'चं तर नावातच सगळं आलं. ज्या चेहऱ्याला आपण 'गरीब बिचारा' म्हणतो त्याच चेहऱ्याने ते आपल्याला घाबरवतात.

हिंदीत चरित्र अभिनेता म्हणजे नायकाचा बाप किंवा इन्स्पेक्टर. आपल्याकडेही तेच. त्या चौकटीत राहून या माणसाने दुष्टपणाचे इतके प्रकार दाखवले, त्यावर कुणी धड लिहीत नाही. सगळे आबा आबा करत बसतात.

---

सांजवात

@काळा फळा, पुनप्पा मला मान्य. पण तोही वयस्कर आहे, हे तुमच्या लक्षात आलं का? :) रावसाहेबही. म्हणजे वय दोन्हीकडे आहे. आबांकडे ते माया बनून येतं, रावसाहेबांकडे मुरलेला धूर्तपणा बनून. माझा मुद्दा त्याने उलट पक्का होतो असं मला वाटतं.

@तिसरी घंटा, कृष्णराव आणि बाबुली भाऊबंद, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आभार.

---

रानजाई

तात्या विंचू राहिला की!

'झपाटलेला' १९९३ चा. प्रभावळकर स्वतः पडद्यावर किती वेळ आहेत आठवून बघा. थोडाच. मग मंत्र म्हटला जातो, आत्मा बाहुल्यात जातो, आणि पुढचा सगळा सिनेमा उरतो तो फक्त आवाज. बाहुल्याचे हात, मान, डोळे रामदास पाध्यांचे. म्हणजे एक पात्र दोन कलाकारांनी मिळून केलंय, आणि ते इतकं एकजीव आहे की लहानपणी मला तो बाहुला खरंच बोलतो असं वाटायचं. कपाटातल्या माझ्या बाहुलीला आईने दोन महिने माळ्यावर ठेवलं होतं, कारण मी झोपेना.

आज मी आवाजाच्याच क्षेत्रात आहे, जाहिरातींना आवाज देते. शिकवताना हे उदाहरण घेते. नवी मुलं भीतीसाठी आवाज जाड करतात. तात्या विंचूचा आवाज बारीक आहे, चरचरीत, नाकातून येणारा, थोडा चिडखोर. गुंड माणूस छोट्याशा शरीरात अडकल्याचा राग त्यात आहे. म्हणून तो विनोदी वाटतो आणि भीतीही जात नाही. वीस वर्षांनी दुसरा भाग आला तेव्हाही आवाज त्यांचाच होता, आणि डोळे मिटून ऐकलं तर मधली वीस वर्षं कळत नाहीत.

त्याआधी 'अलबत्या गलबत्या'त चेटकीण तेच करायचे, मतकरींच्या बालनाट्यात. मुलांना घाबरवायचं पण रडवायचं नाही, हे माप ते तिथे शिकले असावेत असं मला कायम वाटतं.

---

पाऊलखुणा

मी इथे सहसा लिहीत नाही, वाचते. आज लिहिते.

माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. त्याची बुद्धी पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढी आहे. घरी कुणी नवीन आलं की अजूनही पहिला प्रश्न येतो, "'चौकट राजा' पाहिलाय का हो तुम्ही?" लोक चांगल्या मनाने विचारतात. १९९१ चा सिनेमा, आणि आजही आमच्यासारख्यांची ओळख करून द्यायला लोकांकडे प्रभावळकरांनी केलेला नंदूच आहे.

मला नंदू आवडतो. त्याचं ओठ मुडपणं, बोलताना शब्दाच्या आधी होणारी धडपड, एकदम येणारा हट्ट, हे बारकाईने पाहून केलेलं काम आहे. ते नक्कल वाटत नाही. अशा मुलांची टिंगल होत असल्यासारखं मला त्यात एकदाही वाटलं नाही, आणि हे मी इतर कितीतरी सिनेमांबद्दल म्हणू शकत नाही. सुलभाताई देशपांड्यांनी केलेली आई बघताना तर मी आरशात बघते आहे असं वाटतं. मुलाच्या आधी आपण गेलो तर, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच पूर्ण जात नाही.

पण नंदू गोड आहे. माझा मुलगा नेहमी गोड नसतो. रात्री दोनला उठून तो भिंतीवर डोकं आपटतो. म्हणून मला 'नातीगोती' जास्त खरं वाटतं. जयवंत दळवींचं नाटक. त्यात प्रभावळकर बाप होते, स्वाती चिटणीस आई, आणि मुलाचं काम अतुल परचुरे करायचा. (अतुलही गेला २०२४ ला.) त्यात बापाला मुलाचा राग येतो. रागाची लाज वाटते. लाजेतून पुन्हा माया येते. हे सगळं रंगमंचावर उघडपणे मांडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मुलगा झालेला नव्हता. तेव्हा नाटक म्हणून पाहिलं. नंतर ते आठवून मला धीर आला, की असं वाटणारी मी एकटी नाही.

या माणसाने आधी अशा मुलाचा बाप केला आणि मग तसा मुलगा केला. दोन्ही बाजूंनी ते घर त्याने पाहिलंय. मी हे दुसऱ्या कुठल्या नटाबद्दल ऐकलेलं नाही.

---

मधली आळी

पाऊलखुणा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काय लिहावं कळत नाही. लिहिलंत हे फार बरं केलंत. पुढेही लिहीत राहा.

---

काळा फळा

पाऊलखुणा ताई, 'आबा आबा करत बसतात' हे मी वर घाईत लिहिलं, ते मागे घेतो. राग आणि लाज एकाच चेहऱ्यावर दाखवता येणं, हेच पुनप्पाच्या मुळाशी असणार. माझी आवडती दुष्ट माणसं कुठून आली ते तुमच्यामुळे कळलं.

---

आवाठ

मी कुडाळ तालुक्यातला. आमच्याकडे दशावताराला 'धयकालो' म्हणतत. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, देवळासमोर रात्रभर नाटक. पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जाणारी माणसं आमच्या आजोबांनी पाहिली, आम्ही टेम्पो पाहिला.

सिनेमा लागणार म्हटल्यावर आमच्या गावात धाकधूक होती. शहरातले लोक येऊन आमचं काहीतरी भलतंच दाखवून जातात, याचा अनुभव आहे. भाषाच घ्या. मालवणी म्हणजे विनोद, असं समीकरण झालंय.

दशावतारी नटाकडे लिखित संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद उभ्या उभ्या. समोरचा काय टाकेल त्यावर आपण काय बोलायचं ते तिथल्या तिथे. पायपेटीवाला आणि मृदंगवाला तुमच्याकडे बघत असतात, तुमच्या मानेच्या हलण्यावर त्यांचा ठेका. रंग स्वतःचा स्वतः लावायचा. स्त्रीपार्टी पुरुषच करतो आणि दिवसा तोच शेतात दिसतो. अशा कलेत वाढलेल्या माणसाचं शरीर वेगळं असतं. तो साध्या बोलण्यातही पाय रोवून उभा राहतो, कारण माईक नव्हता त्या काळात पोटातून आवाज काढायची सवय.

प्रभावळकरांनी ती उभं राहायची ढब पकडली आहे. दाढी करताना, जेवताना, मुलाशी बोलतानाही बाबुली दशावतारीच दिसतो. आमच्या गावातले एक जुने कलाकार, आता थकलेत, त्यांना मुलं गाडीत घालून सिनेमाला घेऊन गेली. परत आल्यावर म्हणाले, "माका रडाक इला. ह्यो माणूस आमच्यातलो न्हय, पण आमच्यात बसान गेलोहा."

दोन ठिकाणी मालवणी हेल मला थोडा शहरी वाटला, हेही प्रामाणिकपणे सांगतो. ८१ व्या वर्षी त्या उन्हात, त्या रानात, त्या वेशभूषेत काम केलेल्या माणसाला त्याबद्दल बोल लावावा असं मात्र वाटत नाही. दशावतारातला मुकुट आणि पोशाख अंगावर चढवून बघा एकदा म्हणजे कळेल.

---

दूरदेशी

आम्ही न्यू जर्सीत. इथे २००६ च्या सप्टेंबरात 'लगे रहो मुन्नाभाई' थिएटरात पाहिला, बरोबर ऑफिसातला एक गुजराती मित्र होता. तो म्हणाला, "हे गांधी कोण आहेत? कुठून आणले?" मी जवळजवळ ओरडलोच, की हे आमचे टिपरे आबा आहेत! त्याला काही कळलं नाही. मला मात्र घरचं माणूस मोठ्या पडद्यावर दिसल्यासारखा आनंद झाला होता.

गांधीजींची भूमिका म्हटली की नट पुतळा होतो. इथे ते मुन्नाशेजारी बसतात, त्याला प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट बघतात. ऐकणारे गांधी मी पहिल्यांदा पाहिले. मला त्यात आबाच दिसले. नातवाने काहीतरी गोंधळ घालून यावं आणि आजोबांनी न रागावता "मग आता काय करणार आहेस?" म्हणावं, तसे. राष्ट्रीय पुरस्कारही त्यासाठीच मिळाला.

---

तिसरी घंटा

@दूरदेशी, छोटी दुरुस्ती. सहाय्यक अभिनेत्याचा तो राष्ट्रीय पुरस्कार दोन चित्रपटांसाठी मिळून होता, 'लगे रहो मुन्नाभाई' आणि गजेंद्र अहिरेंचा 'शेवरी'. 'शेवरी'चं नाव नेहमी गळतं, कारण तो फार लोकांनी पाहिला नाही. नीना कुळकर्णींचा सिनेमा आहे. मिळाला तर जरूर बघा.

---

दूरदेशी

आभार, हे ठाऊक नव्हतं. शोधतो.

टिपरेंबद्दल अजून एक. आबा सगळ्यांच्या लक्षात आहेत, पण ते लिहिलेही प्रभावळकरांनीच होते. 'अनुदिनी' हे सदर आधी, मग पुस्तक, मग केदार शिंदेंची मालिका. घरातला प्रत्येक जण आपापली रोजनिशी लिहितो. ती रोजनिशी लिहिताना श्यामलच्या, शिऱ्याच्या, शलाकाच्या मनात शिरावं लागतं. जो नट आधी लेखक म्हणून घरातल्या सगळ्यांच्या मनात जाऊन आलाय, तो आजोबा करताना सगळ्यांचं ऐकणारच. माझ्या मुलांना मराठी यावं म्हणून मी ती मालिका त्यांच्याबरोबर पुन्हा पाहिली. मुलीने तिसऱ्याच दिवशी आजोबांना पुण्याला फोन करून विचारलं, "तुम्हीपण डायरी लिहिता का?" बाबा लिहीत नव्हते. आता लिहितात.

---

रानजाई

'चूक भूल द्यावी घ्यावी' कुणीच काढलं नाही. २०१७ ला झी मराठीवर होतं. उतारवयातल्या राजाभाऊंना तरुणपणीचं प्रेम पुन्हा भेटतं. म्हाताऱ्या माणसालाही मन असतं, ते हळवं होतं, लपवाछपवी करतं, हे किती हलक्या हाताने दाखवलंय. सांजवात म्हणतात तसं, त्या राजाभाऊंनाही काहीतरी हवंच आहे.

---

सांजवात

सगळ्यांचे आभार. पाऊलखुणा, तुमचे विशेष. आवाठ, तुमच्या गावच्या त्या कलाकारांचं वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांना मालवणी येत नाही, तरी दोनदा वाचायला लावलं.

काल रात्री जेवताना त्यांना हा सगळा धागा वाचून दाखवला. चिमणरावचा प्रतिसाद आला तेव्हा त्यांनी थांबवलं आणि विचारलं, "गुंड्याभाऊ कुठे असतात आता?" बाळ कर्वे ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस गेले, 'दशावतार' लागायच्या जेमतेम पंधरा दिवस आधी. ९५ वर्षांचे होते. ही बातमी मी तेव्हा बाबांना सांगितली नव्हती, काल सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे सिनेमा आला तेव्हा चिमण एकटाच होता."

'नारबाची वाडी' त्यांनी पाहिलेला नाही. रविवारी लावणार आहे.